आकाशनिरीक्षणाची प्राथमिक साधने

आकाशनिरीक्षणाची प्राथमिक साधने म्हणजे खगोलनिरीक्षणाचा छंद नव्याने जोपासू लागलेल्या व्यक्तीस तारे, ग्रह, चंद्र, तारकागुच्छ, तेजोमेघ व दीर्घिका पाहण्यासाठी उपयोगी पडणारी साधने होत. तारकानकाशा, लाल प्रकाशाची विजेरी, द्विनेत्री आणि लहान दुर्बीण यांचा त्यांत प्रामुख्याने समावेश होतो. साधन निवडताना त्याचे विवर्धन, म्हणजे ते वस्तू किती पट मोठी दाखवते, हाच निकष असल्याचा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात भिंगाचा किंवा आरशाचा व्यास, बैठकीची स्थिरता आणि हाताळणीतील सुलभता या तीन गोष्टी त्याहून महत्त्वाच्या असतात. प्रथम नुसत्या डोळ्यांनी आकाशाची ओळख, नंतर द्विनेत्री आणि त्यानंतर दुर्बीण हा क्रम नवोदितांसाठी सामान्यतः सुचवला जातो.

## पार्श्वभूमी

गॅलिलिओ गॅलिली याने १६०९ मध्ये दुर्बिणी तयार करून त्या आकाशाकडे वळवल्या. जानेवारी १६१० मध्ये त्याने गुरूचे चार मोठे उपग्रह पाहिले. त्या दुर्बिणीचे विवर्धन सुमारे २० पट होते आणि तिच्यातून आकाशाचा अगदी लहान भाग दिसत असे. आजची साधी द्विनेत्री प्रतिमेची स्पष्टता व दृश्यक्षेत्र या दोन्ही बाबतींत त्या दुर्बिणीहून सरस असते.

फ्रेंच खगोलनिरीक्षक शार्ल मेसिए (१७३०–१८१७) याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या यादीत ११० तारकागुच्छ, तेजोमेघ व दीर्घिका आहेत. काळोख्या ठिकाणाहून या सर्व वस्तू १०० मिमी व्यासाच्या दुर्बिणीतून दिसू शकतात. महाराष्ट्राच्या अक्षांशांवरून त्या सर्वच्या सर्व क्षितिजाच्या वर येतात.

मराठीत आकाशदर्शनाच्या लेखनाची परंपरा जुनी आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचे ‘ज्योतिर्विलास’ हे एकोणिसाव्या शतकातील पुस्तक सामान्य वाचकाला आकाशाची ओळख करून देण्यासाठी लिहिलेले होते.

## नुसत्या डोळ्यांनी निरीक्षण

काळोख्या व निरभ्र रात्री निरोगी डोळ्यांना सुमारे सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. एका वेळी दिसणाऱ्या अशा ताऱ्यांची संख्या अडीच ते तीन हजारांच्या आसपास असते. मोठ्या शहरातून मात्र अनेकदा तिसऱ्या प्रतीचे तारेही कष्टाने दिसतात. ही तूट भरून काढण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे काळोख्या जागेपर्यंतचा प्रवास होय. अंधुक दीर्घिका व तेजोमेघ यांच्या बाबतीत गावाबाहेर नेलेली लहान द्विनेत्री शहरातील गच्चीवरच्या मोठ्या दुर्बिणीपेक्षा अधिक दाखवू शकते.

डोळ्यांना अंधाराची सवय होण्यास २० ते ३० मिनिटे लागतात. या काळात बाहुलीचा व्यास वाढतो. तरुण वयात तो ७ मिमीपर्यंत जातो, तर उतारवयात बहुधा ५ मिमीच्या आसपासच राहतो. त्याहून अधिक संवेदनशीलता दृष्टिपटलातील रासायनिक बदलांमुळे येते. मोबाइलचा पांढरा प्रकाश क्षणभर जरी डोळ्यांवर पडला, तरी ही सवय बऱ्याच अंशी मोडते. त्यामुळे नकाशा वाचण्यासाठी मंद लाल प्रकाश वापरतात. साध्या विजेरीच्या काचेवर लाल जिलेटीन कागदाचे दोन-तीन थर बसवूनही हे काम भागते.

## तारकानकाशे

नुसत्या डोळ्यांनी नक्षत्रे ओळखता येत नसतील, तर दुर्बिणीचा उपयोग मर्यादित राहतो. दुर्बिणीतून आकाशाचा फार लहान तुकडा दिसतो आणि ती कोठे रोखायची हे निरीक्षकालाच ठरवावे लागते. त्यासाठी पुढील साधने वापरली जातात.

* फिरती तारकाचकती: तारीख व वेळ जुळवल्यावर त्या क्षणी क्षितिजावर असलेले आकाश दाखवणारी चकती. ती ठरावीक अक्षांशासाठी बनवलेली असते. महाराष्ट्रासाठी सुमारे २० अंश उत्तर अक्षांशाची चकती योग्य ठरते. युरोपसाठी बनवलेल्या चकतीत अगस्त्यासारखा येथे सहज दिसणारा दक्षिणेकडील तारा सापडत नाही.
* मासिक नकाशे: एखाद्या महिन्यातील ठरावीक वेळेचे आकाश दाखवणारे छापील नकाशे.
* संगणक व मोबाइल प्रणाली: स्टेलॅरियम ही मुक्त संगणक प्रणाली कोणत्याही स्थळाचे व काळाचे आकाश दाखवते. अशा प्रणालींत पडदा लाल करण्याची सोय असते.

## द्विनेत्री

द्विनेत्री किंवा बायनॉक्युलर हे नवोदिताचे पहिले प्रकाशीय साधन म्हणून सर्वाधिक सुचवले जाते. तिच्यातून प्रतिमा सुलट दिसते, दोन्ही डोळ्यांनी पाहता येते, दृश्यक्षेत्र मोठे असते आणि जुळवणीस वेळ लागत नाही. पुढे मोठी दुर्बीण घेतली तरी तिचा उपयोग संपत नाही.

### आकड्यांचा अर्थ

द्विनेत्रीवर १०×५० असे दोन आकडे लिहिलेले असतात. पहिला आकडा विवर्धन आणि दुसरा वस्तुभिंगाचा मिलिमीटरमधील व्यास दर्शवतो. प्रकाश गोळा करण्याची क्षमता व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून ५० मिमीचे भिंग ७ मिमीच्या बाहुलीपेक्षा सुमारे ५० पट अधिक प्रकाश गोळा करते.

दुसऱ्या आकड्यास पहिल्याने भागले असता नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशशलाकेची जाडी मिळते. ७×५० मध्ये ती सुमारे ७ मिमी, तर ८×४० व १०×५० मध्ये ५ मिमी असते. ही जाडी बाहुलीपेक्षा अधिक असल्यास जादा प्रकाश डोळ्यात शिरतच नाही. त्यामुळे शहरातील उजळ आकाशाखाली, तसेच वयस्कर निरीक्षकांना ७×५० चा पूर्ण लाभ मिळत नाही.

### निवड

हातात धरून वापरण्यासाठी ७ ते १० पट विवर्धन योग्य समजले जाते. त्यापुढे हाताची थरथरही तितक्याच पटीने वाढते आणि तारे नाचू लागतात. १०×५० द्विनेत्रीतून साधारण ६ अंश रुंदीचे आकाश, म्हणजे एका ओळीत बारा पूर्णचंद्र मावतील एवढे क्षेत्र दिसते. मुलांसाठी व बारीक मनगटांच्या व्यक्तींसाठी हलकी ८×४० द्विनेत्री सोयीची ठरते. १५×७० सारख्या मोठ्या द्विनेत्रीला तिपाई आवश्यक असते; त्यामुळे खरेदी करताना तिपाईला जोडण्याची सोय असल्याची खात्री करावी लागते.

खरेदीच्या वेळी दूरच्या खांबाची किंवा इमारतीची कड पाहून दोन्ही नळ्यांतील प्रतिमा एकरूप होतात का, हे तपासतात. दोन प्रतिमा वेगळ्या दिसत असल्यास किंवा थोड्याच वेळात डोळे ताणल्यासारखे वाटत असल्यास ती द्विनेत्री घेऊ नये. विवर्धन कमीजास्त करता येणाऱ्या, म्हणजे झूम द्विनेत्रींचे दृश्यक्षेत्र अरुंद असते. त्यांपैकी स्वस्त नमुन्यांत प्रतिमाही मंद दिसते. लालसर चकाकी असलेल्या ‘रुबी’ लेपाच्या द्विनेत्री आकर्षक दिसतात. मात्र त्यांत बराचसा प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो.

## दुर्बीण

### व्यास

दुर्बिणीची खरी क्षमता तिच्या मुख्य भिंगाच्या किंवा आरशाच्या व्यासावर अवलंबून असते. व्यास दोन कामे करतो. तो प्रकाश गोळा करतो आणि जवळजवळच्या दोन बिंदूंना वेगळे दाखवतो. १५० मिमीचा आरसा ६० मिमीच्या भिंगापेक्षा सव्वासहा पट प्रकाश गोळा करतो. डॉज यांच्या नियमानुसार जोडतारे वेगळे दाखवण्याची मर्यादा विकलांमध्ये ‘११६ भागिले मिलिमीटरमधील व्यास’ इतकी असते. त्यानुसार ६० मिमीसाठी ती सुमारे १.९ विकला, तर १५० मिमीसाठी ०.८ विकला येते. वातावरणाच्या अस्थिरतेमुळे दर रात्री ही मर्यादा गाठता येत नाही.

### विवर्धन

दुर्बिणीचे विवर्धन ठरलेले नसून ते नेत्रिकेनुसार बदलते. मुख्य भिंगाच्या नाभीय अंतराला नेत्रिकेच्या नाभीय अंतराने भागले की विवर्धन मिळते. १,२०० मिमी नाभीय अंतराच्या दुर्बिणीला २५ मिमीची नेत्रिका लावल्यास ४८ पट आणि १० मिमीची लावल्यास १२० पट विवर्धन होते.

उपयुक्त विवर्धनाची कमाल मर्यादा मिलिमीटरमधील व्यासाच्या सुमारे दुप्पट धरली जाते. ६० मिमीच्या दुर्बिणीसाठी ती १२० पट होते. अशाच दुर्बिणींच्या खोक्यांवर ‘५२५ पट’ यांसारखे आकडे छापलेले आढळतात. अतिशय कमी नाभीय अंतराची नेत्रिका आणि विवर्धन वाढवणारे बार्लो भिंग जोडून हा आकडा गणिताने साधता येतो. परंतु प्रतिमा अंधुक, अस्पष्ट व थरथरणारी होते आणि ग्रह दृश्यक्षेत्रात टिकत नाही. दुर्बिणीची मुख्य ओळख म्हणून व्यासाऐवजी विवर्धनाचा आकडा छापलेला असणे हे बहुधा हलक्या प्रतीचे लक्षण समजले जाते. अशा दुर्बिणीतून काहीच धड न दिसल्यामुळे नवोदित, विशेषतः मुले, आकाशात पाहण्यासारखे काही नाही किंवा आपल्यालाच पाहता येत नाही असा निष्कर्ष काढतात आणि छंद सुरू होण्याआधीच संपतो.

### प्रकार

* भिंगाची किंवा अपवर्तनी दुर्बीण: पुढच्या टोकाला भिंग असते. निगा कमी लागते व ती हलकी असते. चंद्र, ग्रह व जोडताऱ्यांसाठी ७० ते ९० मिमी व्यासाची भिंगाची दुर्बीण चांगली असते. साध्या भिंगांमुळे तेजस्वी वस्तूंभोवती जांभळट किनार दिसते. व्यास वाढेल तशी किंमत झपाट्याने वाढते.
* आरशाची किंवा परावर्तनी दुर्बीण: आयझॅक न्यूटन याने १६६८ मध्ये अशी पहिली दुर्बीण बनवली. तेवढ्याच पैशांत सर्वांत मोठा व्यास या प्रकारात मिळतो आणि रंगाची किनार दिसत नाही. मात्र आरसे अधूनमधून एका रेषेत जुळवावे लागतात. हे काम सरावाने काही मिनिटांत होते.
* भिंग व आरसा एकत्र असलेली दुर्बीण: नळी आखूड असल्यामुळे ती नेण्यास सोपी, पण त्याच व्यासाच्या आरशाच्या दुर्बिणीपेक्षा महाग असते.

### बैठक

बैठक डळमळीत असल्यास उत्तम भिंगही निरुपयोगी ठरते. नळीला हलकी टिचकी मारल्यावर प्रतिमा दोन-तीन सेकंदांत स्थिर झाली पाहिजे, ही साधी कसोटी आहे.

उन्नती-दिगंश बैठक वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरते. ती समजण्यास सर्वांत सोपी असते. अमेरिकेतील जॉन डॉब्सन (१९१५–२०१४) यांनी लोकप्रिय केलेली डॉब्सनी बैठक याच प्रकारातील आहे. प्लायवूडच्या पेटीसारखी ही बैठक स्वस्त, भक्कम व घरी बनवण्याजोगी असते. १५० ते २०० मिमी व्यासाची डॉब्सनी दुर्बीण नवोदितांसाठी किमतीच्या मानाने सर्वांत अधिक दाखवणारी समजली जाते. तिचा आकार व वजन या तिच्या मर्यादा आहेत.

विषुववृत्तीय बैठकीचा एक अक्ष खगोलीय ध्रुवाकडे रोखलेला असतो. त्यामुळे एकच चक्र फिरवून ताऱ्याचा माग ठेवता येतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाश तासाला १५ अंश सरकते. अर्धा अंश दृश्यक्षेत्र असलेल्या दुर्बिणीतून खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा साधारण दोन मिनिटांत बाहेर जातो. दीर्घकाळ छायाचित्रण करायचे असल्यास अशी बैठक उपयोगी पडते. केवळ पाहण्यासाठी ती अपरिहार्य नाही, आणि तिची स्वस्त आवृत्ती बहुधा डळमळीत असते.

संगणकनियंत्रित बैठक वस्तू आपोआप शोधून देते. तिच्यात किमतीचा मोठा भाग यंत्रणेवर खर्च होत असल्याने त्याच पैशांत व्यास लहान मिळतो.

### नेत्रिका व शोधक

आरंभी दोन नेत्रिका पुरेशा असतात. वस्तू शोधण्यासाठी २५ मिमीच्या आसपासची आणि ग्रहांसाठी सुमारे १० मिमीची नेत्रिका घ्यावी लागते. नेत्रिकेची नळी १.२५ इंच व्यासाची असल्यास पुढे इतर नेत्रिका सहज मिळतात; ०.९६५ इंचाच्या जुन्या मापाच्या नेत्रिका दुर्मीळ आहेत. मुख्य नळीवर बसवलेला लाल ठिपक्याचा शोधक किंवा लहान शोधक दुर्बीण दिवसा दूरच्या खांबावर रोखून मुख्य दुर्बिणीशी जुळवून ठेवतात.

## एकच वस्तू, तीन साधने

वसिष्ठ व अरुंधती हे सप्तर्षींतील तारे साधनांमधील फरक समजण्यास सोयीचे आहेत. विवाहविधीत नवदांपत्याला अरुंधती दाखवण्याच्या प्रथेमुळे ही जोडी मराठी भाषकांना परिचित आहे.

* नुसते डोळे: दोघांतील कोनीय अंतर सुमारे १२ कला असल्याने चांगल्या दृष्टीस दोन तारे वेगळे दिसतात.
* द्विनेत्री: दोन्ही तारे दूर दूर दिसतात आणि त्यांच्या सोबत सुमारे आठव्या प्रतीचा आणखी एक अंधुक तारा दिसतो.
* लहान दुर्बीण: सुमारे ५० पट विवर्धनात वसिष्ठ स्वतःच १४ विकला अंतरावरील दोन ताऱ्यांचा बनलेला असल्याचे दिसते.

मोठे साधन नेहमीच अधिक चांगले दाखवते असे मात्र नाही. कृत्तिका सुमारे दोन अंशांत पसरलेल्या असल्याने अधिक विवर्धनाच्या दुर्बिणीत त्या मावत नाहीत. त्यांचे सर्वांत देखणे रूप द्विनेत्रीतून दिसते. देवयानी दीर्घिकेचा विस्तार तर सुमारे तीन अंश आहे.

## अपेक्षा व वास्तव

छायाचित्रांतील तेजोमेघ रंगीत असतात, कारण कॅमेरा बराच वेळ प्रकाश साठवतो. मंद प्रकाशात डोळ्यांतील रंग ओळखणाऱ्या पेशी काम करत नाहीत. त्यामुळे लहान दुर्बिणीतून मृगातील तेजोमेघ राखाडी किंवा फिकट हिरवट धुक्यासारखा दिसतो. अंधुक वस्तूकडे थेट न पाहता किंचित बाजूला पाहिल्यास ती अधिक स्पष्ट दिसते.

चंद्राची विवरे व गुरूचे चार उपग्रह स्थिर धरलेल्या १० पट द्विनेत्रीतूनही दिसू शकतात. चंद्रावरील विवरे पौर्णिमेपेक्षा अष्टमीच्या सुमारास ठळक दिसतात, कारण तेव्हा छाया-प्रकाशाच्या सीमेवर सावल्या लांब असतात. शनीची कडी सुमारे ३० पट विवर्धनात ओळखता येतात. तथापि साधारण पंधरा वर्षांच्या अंतराने कड्यांची धार पृथ्वीकडे येते, तेव्हा ती केवळ रेषेसारखी दिसतात किंवा दिसेनाशी होतात. २००९ व २०२५ मध्ये अशी स्थिती आली होती.

## महाराष्ट्र व गोव्यातील परिस्थिती

जून ते सप्टेंबर या काळात पावसाळी ढगांमुळे निरीक्षण जवळजवळ बंद असते. पावसाळ्यानंतर हवेतील धूळ खाली बसलेली असल्याने ऑक्टोबर व नोव्हेंबरमधील आकाश विशेष स्वच्छ असते. निरीक्षणाचा मुख्य हंगाम मे अखेरपर्यंत चालतो. नवोदितांना उपयुक्त काही वस्तू पुढीलप्रमाणे आहेत.

* ऑक्टोबर–नोव्हेंबर: देवयानी दीर्घिका, ययातीमधील जोडगुच्छ, हंसमधील आल्बिरिओ हा जोडतारा.
* डिसेंबर–फेब्रुवारी: कृत्तिका, मृगातील तेजोमेघ.
* मार्च–मे: कर्क राशीतील मधुचक्र, नरतुरंगातील ओमेगा हा बंदिस्त तारकागुच्छ, मे महिन्यात रात्री उशिरा वृश्चिकेच्या नांगीजवळील तारकागुच्छ.

ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची निरीक्षकाच्या अक्षांशाएवढी असते. पणजीहून ती सुमारे १५.५ अंश, मुंबईहून १९ अंश व नागपूरहून २१ अंश असते. इतक्या खाली असलेला ध्रुवतारा इमारतींमागे किंवा डोंगरांमागे सहज लपतो. परिणामी विषुववृत्तीय बैठकीची जुळवणी येथे युरोप-अमेरिकेपेक्षा अवघड जाते. काही बैठका इतक्या कमी अक्षांशापर्यंत झुकतही नाहीत, म्हणून खरेदीपूर्वी हे तपासावे लागते. याउलट ग्रहांचा मार्ग येथे डोक्यावरून जातो. त्यामुळे ग्रह वातावरणाच्या कमी जाडीतून दिसतात, मात्र भिंगाच्या दुर्बिणीला काटकोनात वळवणारा आरसा व पुरेशी उंच तिपाई लागते.

मध्य प्रदेशच्या सीमेवरील पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्रातील क्षेत्राला २०२४ मध्ये काळोख्या आकाशाचे उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली.

## सूर्यनिरीक्षणातील धोका

दुर्बीण, द्विनेत्री किंवा शोधकातून सूर्याकडे क्षणभरही पाहिल्यास दृष्टिपटल कायमचे जळू शकते. दृष्टिपटलात वेदना जाणवणाऱ्या पेशी नसल्यामुळे इजा होत असताना ती कळत नाही. सूर्यासाठीचे प्रमाणित गाळण दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, वाऱ्याने निघणार नाही असे घट्ट बसवावे लागते. काही स्वस्त दुर्बिणींसोबत नेत्रिकेला लावायचे काळे सूर्यगाळण मिळते. एकवटलेल्या उष्णतेने ते अचानक तडकू शकते, म्हणून ते वापरू नये. ग्रहणाचे चष्मे घालून द्विनेत्रीतून पाहणेही तितकेच घातक आहे. दिवसा मुलांच्या हाती दुर्बीण एकटी सोडू नये.

## निगा

कोकण, गोवा व एकूणच पावसाळ्यातील दमट हवेत भिंगांवर बुरशी वाढते. ती लेपावर कायमचे डाग पाडू शकते. त्यामुळे साधने हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतात आणि पुड्या ओलावल्यावर वाळवून पुन्हा वापरतात. दव पडलेले भिंग पुसू नये. ते आपोआप सुकू देऊन मगच झाकण लावावे. धूळ प्रथम रबरी फुग्याच्या हवेने उडवतात. आरशावरील थोडी धूळ प्रतिमेवर फारसा परिणाम करत नाही, मात्र वारंवार पुसल्याने पडणारे ओरखडे परिणाम करतात.

## खरेदीपूर्वी

साधन विकत घेण्याआधी ते प्रत्यक्ष वापरून पाहणे श्रेयस्कर असते. पुण्यातील ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून कार्यरत असून ती देशातील जुन्या हौशी खगोल संस्थांपैकी एक आहे. मुंबईतील खगोल मंडळ, कल्याणमधील आकाश मित्र मंडळ आणि पणजीतील असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ ॲस्ट्रॉनॉमी याही अशाच संस्था आहेत. अशा संस्थांच्या आकाशदर्शन कार्यक्रमांत वेगवेगळ्या साधनांतून एकच वस्तू पाहून तुलना करता येते.

दुर्बीण कोठे ठेवली जाईल, जिन्यावरून कोण उचलेल, घरातून दिसणारे आकाश किती मोकळे आहे आणि ती मांडण्यास किती वेळ लागेल, या प्रश्नांची उत्तरे व्यासाइतकीच निर्णायक असतात. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या व्यक्तीला २०० मिमीच्या दुर्बिणीपेक्षा दर आठवड्यास बाहेर निघणारी द्विनेत्री अधिक आकाश दाखवते.